सहा माणसांचं वजन

टॉडमॉर्डनला बसस्टँडच्या मागे एक कॅफे आहे,
तिथे दर गुरुवारी दहाला आम्ही जमतो.
दहाला म्हणजे दहाला पाच कमी असताना.
ही खोड सगळ्याच फौजांत लावतात.

पहिल्या दिवशी लेकीनं दारापर्यंत सोडलं,
बालवाडीत सोडावं तसं,
आणि म्हणाली, बाबा, नाही करमलं तर फोन करा.
आत सात म्हातारे, एक म्हातारी,
टोस्टवर सांडलेल्या बीन्स,
आणि कोपऱ्यात काठ्या उभ्या,
रायफली लावून ठेवाव्यात तशा एका रांगेत.

डेरेक ऑलरनशॉनं विचारलं, कुठली पलटण?
म्हटलं, बॉम्बे सॅपर्स. खडकी.
त्यानं चमचा खाली ठेवला.
"बेली?"
"बेली."
माझं इंग्रजी तिथंच संपलं असतं तरी चाललं असतं.

बेली म्हणजे लोखंडी पूल.
पिना ठोकून जुळवायचा,
आणि त्याचा एकेक पॅनल उचलायला सहा माणसं लागतात.
पाचांनी हौस केली तर उद्या कुणाची तरी कंबर गेलीच.
डेरेकनं तो बोर्निओत बांधला, चौसष्ट साली,
पायांच्या जळवा उपटत.
मी एकाहत्तरच्या डिसेंबरात, अंधारात,
पिन हाताला चिकटेल अशा थंडीत,
बिडी पेटवायची बंदी.
माझ्या पुलावरून पहाटे रणगाडे गेले.
त्याच्यावरून तांदळाची पोती गेली
आणि झोळीत घातलेली एक अडलेली बाई.
"पण हलला नाही हं," तो म्हणाला,
जणू मी कालच तपासणीला आलो होतो.

मॉरीन टॅटर्सल जर्मनीत टेलिफोनवर होती.
म्हणाली, मी काय, फक्त प्लगा लावल्या.
डेरेकनं टेबलावर मूठ आपटली.
त्या टेबलाचा एकच नियम:
"फक्त" म्हणालं की बरणीत दहा पेन्स.
स्वयंपाक्यानं, कारकुनानं, सगळ्यांनी भरलेत.
मीही भरले, इथापेचं सांगताना:
आमचा नायक, त्या रात्री पाण्यात गेला,
आणि मी त्याची फक्त टोपी आणली.

हे मी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

डेरेकनं नाव लिहून घेतलं कागदी रुमालावर.
इ-था-पे. चार वेळा म्हणवून घेतलं.
नोव्हेंबरात गावातल्या स्मारकापुढे
त्याची नावं संपली, मला वाटलं झालं,
तर पावसातच तो हळू म्हणाला: इथापे.
उच्चार साफ चुकला होता.
मी तरी सावधान झालो.

मार्चमध्ये डेरेक गेला.
काळ्या कोटातला माणूस नम्रपणे म्हणाला,
चाकांची गाडी आहे, तुमची वयं बघता...
ग्लिनचा गुडघा नवा, माझा खांदा जुना,
धनबहादूर बुटका, म्हणून त्याच्या खांद्यावर
टॉवेलची घडी ठेवली, उंची जुळावी म्हणून.
डेरेकचा मुलगा ऑस्ट्रेलियाहून आलेला, थकलेला,
पाचवा कुणी शेजारी.
आमच्याकडे चार खांदे पुरतात.
इथं सहा लागतात. सहावी मॉरीन आली,
कुणाला न विचारता, पर्स नातीकडे देऊन.

आता हुकूम कोण देणार?
हवालदार मी एकटाच.
तोंडातून खडकीचाच निघाला:
तैयार... उठाओ!
अर्थ कुणी विचारला नाही.
पेटी एका दमात वर आली.

हलका होता हो डेरेक.
पॅनलच्या निम्मासुद्धा नव्हता.
चौघांत नेला असता चढावरून.

रात्री लेकीनं खांद्याला बाम चोळला,
रागावली, म्हणाली, केवढं ते वजन, या वयात!
म्हटलं, कसलं वजन, फक्त एक माणूस.

गुरुवारी आठवणीनं
बरणीत दहा पेन्स टाकले.